तिसऱ्या मुद्द्याची गोळी

लेउवार्डन शहरातल्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात, आपल्या ठणठणीत उजव्या गुडघ्यावर हात ठेवून आफ्के होलवेर्दा बाकावर बसली होती, आणि समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीतल्या माणसाने घसा खाकरला. झालं ते एवढंच. माणूस काही विशेष नव्हता. त्याच्या हातात प्लास्टिकचा पाठीचा कणा होता आणि त्याबद्दल तो काहीतरी सांगणार होता. पण घसा खाकरून तो म्हणाला, "तर आज आपण तीन गोष्टी पाहू," आणि आफ्केच्या मांडीवरची काळी पर्स उघडली. आफ्केने उघडली असं म्हणणं तितकंसं बरोबर होणार नाही. दोन बोटांनी पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी काढली, अंगठ्याच्या नखाने कागद सोलला, एक गोळी तोंडात गेली, आणि दुसरी गोळी धरलेला हात, मान अजिबात न वळता, डावीकडे गेला आणि कोटाच्या तिसऱ्या बटणाच्या उंचीवर थांबून राहिला. एक्केचाळीस वर्षं तो हात असाच जाऊन थांबत आला होता. ख्रिस्ती देवळात दर रविवारी दोन उपासना, दर उपासनेला एक उपदेश, दर उपदेशाला तीन मुद्दे, दर मुद्द्याला एक गोळी. आणि दर वेळी डावीकडून एक जाड, दोरखंडाने खरखरीत झालेला तळहात येऊन ती गोळी घेऊन जात असे. नवऱ्याचा, सीत्सेचा तळहात. सीत्सेला जाऊन आता चार महिने झाले होते. सगळ्यांना रीतसर काळ्या चौकटीची पत्रं गेली होती; हाताला कळवायचं तेवढं राहून गेलं होतं.

गोळी घेतली गेली. आफ्केच्या पाठीतून एक थंडगार मुंगी वर चढली. तिने फार सावकाश मान वळवली. डाव्या बाजूला एक दांडगा माणूस बसला होता, पाय पट्ट्यांनी जखडलेला, मनगटापासून कोपरापर्यंत गोंदवलेला नांगर आणि त्याला लपेटलेली एक बाई, जिच्या अंगावर कपडे असे काही नव्हते. त्याच्या गालात गोळी होती.

"पहिला मुद्दा ना?" तो म्हणाला. "मग चावायची नाही. दुसऱ्यापर्यंत पुरवायची."

"तुम्ही... देवळाच्या मंडळीतले?"

"मी? छे हो. चाळीस वर्षं झाली सोडून. बाप दर रविवारी एकेक गोळी द्यायचा. चावल्याचा आवाज आला की मांडीला चिमटा." त्याने जीभ फिरवली आणि डोळे मिटले. "देव आहे की नाही ते मला माहीत नाही, बाई. पण चव अगदी तीच आहे."

आफ्के हसली. हसल्यावर तिला आश्चर्य वाटलं, आणि आश्चर्य वाटल्यावर लाज वाटली, कारण ती इथे एका पापाच्या शेपटाला धरून आली होती आणि अशा माणसाने वेटिंगरूममध्ये उघड्या बाईशेजारी बसून हसत सुटणं बरं नव्हे.

पापाचं झालं होतं असं. सीत्से गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मुलगी शेजारी होती, तो निभावला. दुसऱ्या रविवारी मुलगी आपल्या घरी परत गेली आणि आफ्के एकटीच नेहमीच्या बाकावर बसली. पुढून चौथ्या, खांबालगतच्या. सीत्सेची जागा नेमकी खांबामागे. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी त्याने ती हेरून घेतली होती आणि वर "खांबाचा आधार असावा" असं गंभीरपणे म्हणालाही होता. त्या रविवारी पाळकसाहेबांनी पवित्र शास्त्र मिटलं, "प्रिय मंडळी, आजच्या वचनात आपण तीन मुद्दे पाहू," म्हणाले, सगळ्या देवळात पाऊस पडावा तसा पुड्यांच्या कागदांचा आवाज झाला, आणि आफ्केचा हात डावीकडे गेला. तिथे थांबला. आणि मग, कोणी घ्यायला येत नाही असं पाहून, बोटांनी गोळी सोडली. दगडी फरशीवर पेपरमिंटची एक गोळी किती आवाज करू शकते याची ज्याला कल्पना नाही त्याने आयुष्यात फारच थोडं ऐकलंय असं आफ्केचं मत झालं. ती टणकन पडली, उभी झाली, घरंगळत तीन बाकांखालून गेली, मधल्या वाटेवर आली, क्षणभर विचार केल्यासारखी डुगडुगली, आणि थेट व्यासपीठाच्या पायथ्याशी जाऊन आडवी झाली. चारशे माणसं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. चारशे माणसांनी एकदम दुसरीकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात एवढी माया होती की आफ्केला गुदमरायला झालं. त्यानंतर ती देवळात गेली नव्हती.

यात देवाशी भांडण वगैरे काही नव्हतं, हे तिला स्वतःला स्पष्ट होतं. देव जिथल्या तिथे होता. रात्रीच्या जेवणानंतर ताटं तशीच ठेवून पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचायचा हा नेम तिने एक दिवसही चुकवला नव्हता. सीत्से गेला त्या दिवशीसुद्धा नाही. ते दोघं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओळीने वाचत, काही न गाळता, आणि संपलं की पुन्हा पहिल्या पानावर येत. एप्रिलमध्ये सीत्सेच्या पोटात गाठ निघाली, आणि उन्हाळा सरता सरता शेवटचे दिवस आले तेव्हा ते नेमके इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात शिरले होते, जिथे दुसरं काही नसून नावंच आहेत. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा ढमका. हॉस्पिटलातल्या पलंगाशेजारी बसून आफ्के रोज संध्याकाळी शंभर-दीडशे नावं वाचायची. शेजारच्या पलंगावरच्या बाईंची मुलगी आपल्या आईला धीराची, गोडशी वचनं निवडून वाचून दाखवायची. इकडे आफ्के वंशावळी वाचतेय. एकदा तिने विचारलंही होतं, "सीत्से, हे सोडून पुढचं वाचू का? स्तोत्रं वाचू?" तर सीत्सेने उशीवरून डोकं हलवलं. "नको. रांग मोडायची नाही." होड्या आल्या की कालव्यावरचा पूल वर उचलून देणारा माणूस होता तो, रांगेचं त्याला फार. आणि मग थोड्या वेळाने, "बघ की. ही सगळी मेली. आणि कुणीतरी बसून एकेकाचं नाव लिहून ठेवलंय. स्पेलिंगसकट." नर्स औषध द्यायला यायची, ऐकत उभी राहायची आणि म्हणायची, "कोण हो ही सगळी माणसं?" सीत्से डोळे न उघडता सांगायचा, "शेजारी." त्या यादीने आफ्केला जेवढा धीर दिला तेवढा कोणी खांद्यावर हात ठेवून दिला नव्हता. सप्टेंबरात तो गेला त्या रात्री ती घरी आली, एकटीने बटाटे उकडले, खाल्ले, आणि काल जिथे सोडलं होतं त्याच्या पुढच्या नावापासून मोठ्यांदा वाचायला लागली. आवाज मोडला नाही. नावंच ती, त्यात मोडण्यासारखं काय होतं. मोडलं ते देवळातल्या डाव्या बाजूपाशी. स्वयंपाकघरात ती कुठेही बसू शकत होती. त्या बाकावर मात्र तिला एक डावी बाजू होती.

मग तीन रविवार चुकल्यावर नोव्हेंबरात मंडळीचे दोन वडीलधारे घरी भेटीला आले, जसे ते येणारच. डौवे हा निवृत्त पोस्टमन, सीत्सेचा जुना मित्र. आणि दुसरा एक विम्यातला उंच गृहस्थ, ज्याचं काम डौवे बोलला की मान हलवायचं. काळे सूट, ओल्या टोप्या. आफ्केने कॉफी केली, प्रत्येकी एकेक बिस्किट दिलं आणि डबा मिटला. डौवेने विचारलं, "आफ्के, रविवारी दिसली नाहीस गं." आणि तिने म्हणायला तोंड उघडलं की, डौवे, माझी डावी बाजू रिकामी आहे. पण हे वाक्य विम्याच्या माणसासमोर म्हणायचं होतं, आणि तोंडातून आलं ते, "गुडघा रे. उजवा." बस्. तेवढ्यावरच थांबायचं. पण खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला थांबायचं कुठे हे कळत नाही. तिने सूज सांगितली, रात्रीची कळ सांगितली, जिने सांगितले. मग दुसऱ्या कॉफीसाठी चांगले कप काढावेत म्हणून ती खुर्चीवर चढली, वरच्या फळीवरून कप काढले आणि खाली उतरली. जाताना डौवेने प्रार्थना केली, आणि टोपी घालता घालता म्हणाला, "एक सांगू का. देव दुःख उचलून नेत नाही. पलंग हलवायचा असला की कसं, तो फक्त दुसरं टोक धरतो." आफ्केला ते फार आवडलं. तिला वाटलं, डौवे म्हातारपणी खोल झाला. आधी तो एवढा खोल नव्हता.

पुढच्या रविवारी आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून आफ्केच्या उजव्या गुडघ्याचं नाव घेतलं. त्याच्या पुढच्याही रविवारी घेतलं. दोन मोतीबिंदू, एक कर्करोग, परदेशी गेलेला एक प्रचारक आणि आफ्केचा गुडघा. सोमवारपासून तिच्या दारात वाटाण्याच्या दाट सूपाची पातेली यायला लागली. तिने आयुष्यात एवढं सूप खाल्लं नव्हतं आणि प्रत्येक चमचा घशातून खाली जाताना नवव्या आज्ञेवरून घासून जात होता. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. गुडघा हा शेजारी धरायचा की नाही यावर तिने एक अख्खी दुपार घालवली आणि धरायचाच असं ठरवलं, कारण जन्मापासून तो तिच्या इतक्या जवळ राहत होता आणि त्याने तिचं कधी काही वाकडं केलं नव्हतं. कोणी तरी लोकरीची गुडघापट्टी विणून पाठवली. सायकल बाहेर काढायची तर पहाटे काढावी लागे, चोरासारखी. एकदा बाजारात पाळकसाहेबांच्या बायकोला पाहून ती लंगडायला लागली आणि पन्नास पावलं गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण डावा पाय ओढतोय. आणि शेवटी सेविका मंडळाच्या बाईंनी परस्पर आपल्या भाचीची वेळ घेऊन ठेवली. भाची गुडघ्यातली तज्ज्ञ. म्हणून आज हा दवाखाना, ही टीव्हीतली तीन गोष्टींवर आलेली स्वारी, आणि गालात गोळी घेऊन बसलेला हा नांगरवाला.

"होलवेर्दाबाई," आतून हाक आली. नांगरवाल्याने बोट वर केलं. "दुसरा मुद्दा मग तुमच्या तुम्हीच बघा," तो म्हणाला. "इथला तिसरा तर नेहमी पाठीचाच व्यायाम असतो. काही दम नसतो त्यात."

भाचीचं नाव रिक्स्ट. तिचे हात गरम होते, आणि ते हात गुडघ्यावरून फिरू लागले तेव्हा आफ्केला पहिल्यांदा त्या गुडघ्याची खरीखुरी कीव आली. बिचारा. बोलता येत नाही, बचाव करता येत नाही. रिक्स्टने तो वाकवला, सरळ केला, आत फिरवला, बाहेर फिरवला, वाटी बोटांत धरून हलवली. मग डावा तपासला. मग पुन्हा उजवा. भिंतीवर सापळ्याचं चित्र होतं. सापळा आफ्केकडे पाहून सगळे दात दाखवत होता आणि त्याचंही काही चुकत नव्हतं.

"होलवेर्दाबाई, तुमचं वय किती?"

"एकाहत्तर."

"आणि हा गुडघा कुणाचा?"

आफ्केने सापळ्याकडे पाहिलं.

"नाही, म्हणजे असा गुडघा मी गेल्या आठवड्यात पाहिला. बर्फावर स्केटिंग करणाऱ्या मुलीचा होता. तिचाही याच्याहून जरा डावाच." रिक्स्ट स्टुलावर मागे सरकली. "आत्या म्हणाली, अकरा आठवडे सगळं देऊळ प्रार्थना करतंय."

"हो."

"मग लागू पडलेली दिसतेय."

"आधीपासूनच असा होता गं," आफ्के म्हणाली, आणि ते म्हणताना तिच्या पोटात काहीतरी सैल झालं, पट्टा एक भोक मागे घेतल्यासारखं. "मी खोटं बोलले. दुखतं तिथे नाव नव्हतं, म्हणून नाव होतं तिथे दुखवलं."

रिक्स्टने कागदावर पेन टेकवलं होतं ते उचललं. "आत्याला मी काही सांगत नसते. पेशंटचं बाहेर सांगायची आम्हाला बंदी आहे. पण इथे मी 'गुडघा उत्तम' असंच लिहिणार. चालेल ना?"

"लिही," आफ्के म्हणाली. "निदान त्याचं तरी नाव निघू दे."

ती चालत निघाली ती तशीच कालव्याच्या काठाने, झपाझप, उघड्यावर, भर दिवसा. जानेवारीतलं ऊन होतं, कालव्यावर पातळ बर्फाची साय आणि तिच्यावर उभ्या राहून पायांचा विचार करणारी बदकं. वाटेत सीत्सेचा पूल लागला. आता तो दुरून, कॅमेऱ्याने, कुठल्यातरी खोलीत बसलेला कोणीतरी उघडतो. खोकेवजा चौकी रिकामी असते. सीत्से निवृत्त झाल्यावरही उन्हाळ्याचे दोन महिने हट्टाने तिथे बसायचा. होड्या आल्या की काठीला दोरीने बांधलेला लाकडी जोडा खाली सोडायचा, खलाशी त्यात पुलाचं नाणं टाकायचा, आणि होडीत पोरं असली तर जोड्यातून आधी त्यांच्यासाठी पेपरमिंटच्या गोळ्या खाली यायच्या. पोरं लांबूनच ओरडत यायची. कुठून आणायचा एवढ्या गोळ्या, तिने कधी विचारलं नाही. वाटायचं, पुरुषाने पुलावरचं पुलावर ठेवावं. याच काठाने ती दोघं रविवारी देवळातून घरी यायची, आणि दर रविवारी या पुलाशी आलं की सीत्से सावकाश विचारायचा, "तिसऱ्या मुद्द्याबद्दल तुझं काय मत पडलं?" पहिल्या-दुसऱ्याबद्दल कधी नाही. नेहमी तिसरा. मग आफ्के सांगायची: पाळक काय म्हणाले, आणि काय म्हणायला हवं होतं, आणि तिला स्वतःला काय वाटलं. घर येईपर्यंत सांगायची. सीत्से ऐकायचा, "हं" म्हणायचा, दारात किल्ली फिरवताना म्हणायचा, "मलाही अगदी तसंच वाटलं." एक्केचाळीस वर्षं. आपला नवरा आतून मोठा धर्मपंडित आहे, फक्त बोलत नाही, अशी तिची खात्री होती आणि तिने ती चार बायकांत बोलूनही दाखवली होती.

डौवे कालव्यापलीकडच्या आपल्या भाजीच्या तुकड्यात, गोठलेल्या मातीतून लीक उपटत होता. लीक म्हणजे कांद्याची लांबसडक, शांत स्वभावाची बहीण; बर्फ पडल्यावर ती गोड होते. आफ्के कुंपणाशी आली, फाटक आतून अडकवलेलं होतं, म्हणून तिने एक पाय वर टाकला, दुसरा टाकला आणि आत उतरली.

"गुडघा कसा आहे?" डौवेने वर न पाहता विचारलं.

"डौवे, त्याला काही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं."

"माहितीय."

"काय माहितीय?"

"अगं, खुर्चीवर चढलीस ना कप काढायला! मांजरासारखी. मी आणि विमेवाल्याने एकमेकांकडे बघितलं."

"आणि मग अकरा रविवार? अकरा रविवार माझ्या गुडघ्यासाठी प्रार्थना? व्यासपीठावरून?"

डौवेने लीकची माती झटकली. "वहीत रकाने आहेत, आफ्के. आजारी, प्रवासी, बाळंतीण. सीत्सेची जागा रिकामी आहे याला रकाना नाही. मी शोधला. मग म्हटलं, आजारीत घालू. हिने गुडघा दिलाच आहे." आणखी एक लीक उपटली. "चाळीस वर्षं टपाल टाकलंय मी. पत्ता चुकीचा, नाव अर्धं, घरनंबर भलताच. रोज दोन-तीन तरी. परत पाठवलं मी एकही? माणूस मला ठाऊक असायचा. मला ठाऊक असायचा तर वरच्याला नसेल?"

कुंपणापलीकडे एक बदक बर्फावरून घसरलं आणि काही झालंच नाही असं दाखवत पुढे गेलं.

"पण ते खोटंच होतं ना रे."

"होतं. वाईटच केलंस. सूप किती खाल्लंस?"

"विचारू नकोस."

"तीच शिक्षा झाली मग. आता रविवारी काय सांगू? बरा झाला म्हणून आभार मानायला सांगू का पाळकांना?"

"नाही!" आफ्के म्हणाली. "आणखी खोटं नको."

"बरं. मग 'आपली बहीण आफ्के आज चालत आली' एवढंच सांगतो. तेवढं तरी खरं असेल ना?" आता त्याने वर पाहिलं. त्याच्या भुवयांवर दवाचे थेंब होते आणि डोळ्यांत नेहमीची चेष्टा होती, पण प्रश्न चेष्टेचा नव्हता. तिला तो अंगठ्याखाली पुडीचा कागद लागावा तसा लागला. चालत यायला काय, दोन्ही गुडघे होते. बसायचं होतं. बसायचं होतं आणि कोणीतरी तीन मुद्दे आहेत म्हणायचं होतं आणि तिच्या हाताने डावीकडे जायचं होतं.

"खरं असेल," ती म्हणाली, आणि ते खरं करायला तिच्या हातात तीन दिवस उरले. त्याने तिला चार लीक दिल्या. ती फाटकातून बाहेर गेली.

ते तीन दिवस, रोजचा अध्याय झाला की, तिने पुन्हा ती नावंच वाचली. रविवारी दहाला पाच मिनिटं असताना ती देवळाच्या मधल्या वाटेवर उभी होती, आणि चारशे माणसं तिच्या गुडघ्याकडे पाहत होती. उजव्याकडे. विणलेली पट्टी पाठवणाऱ्या बाईंनी तर मान वाकडी करून पाहिलं. आफ्के सरळ चालत गेली. चौथा बाक आला. ती आत शिरली, आणि आपल्या जागेपाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं की पाय थांबलेले नाहीत. ते आणखी एका माणसाच्या जागेइतके डावीकडे गेले आणि ती खांबामागे बसली. सीत्सेच्या जागेवर. आता तिच्या डावीकडे खांब होता, जाड, थंड, पांढरा चुना लावलेला, आणि त्याला गोळी द्यायचा प्रश्न नव्हता. इथून पाळक दिसत नव्हते. म्हणजे त्यांची बाही दिसत होती, तीही हात उंचावला तर. एक्केचाळीस वर्षं हा माणूस एका बाहीकडे पाहत होता! स्तोत्र सुरू झालं. आवाज मागून आला, बाजूने आला, खांबातून आला. सगळ्या मंडळीचा संथ, जड, घरातलं मोठं कपाट सगळ्यांनी मिळून सरकवावं तसा आवाज, आणि आफ्केने तोंड उघडलं तर तिचाही त्यात गेला, न मोडता. मग आजाऱ्यांसाठी प्रार्थना. दोन मोतीबिंदू, कर्करोग, प्रचारक. "आणि हे प्रभू, आमची बहीण आफ्के आज चालत आली." एवढंच. तिने सगळ्यांच्या आधी आणि जरा मोठ्यांदाच आमेन म्हटलं.

पाळकसाहेबांनी घसा खाकरला. तीन मुद्दे होते. देवळावर कागदांचा पाऊस पडून गेला. पहिली गोळी तिने एकटीने खाल्ली. हात जरा हलला, खांब पाहून परतला. दुसऱ्या मुद्द्याशी शास्त्र उघडायला सांगितलं म्हणून तिने समोरच्या खणाचं झाकण उचललं. सीत्सेची जुनी स्तोत्रांची वही तिथे तशीच होती. ती तिने उचलली. आणि मागे, खणाच्या तळाशी, भिंतीला लावून, ओळीने, एकीला एक चिकटून, पेपरमिंटच्या गोळ्या. पांढऱ्या, अखंड, न चाटलेल्या. दोन रांगा. रांग कुठेही मोडलेली नाही. आफ्के पाहत राहिली. दर रविवारी दोन उपासना, दर उपासनेला एक. एक कोणती? आणि मग, तिच्या आतल्या अंधाऱ्या भागात कुठेतरी जड लोखंडी पूल सावकाश वर उचलला जावा तसं तिला कळायला लागलं. पुलावर सीत्से उघड्या डोळ्यांनी झोपायला शिकला होता, हे तिला माहीत होतं. तोंडात गोळी ठेवून झोपू नये, ठसका लागतो, हेही तोच सांगायचा. तिसऱ्या मुद्द्याला तो गोळी घेई, तिच्या हाताचा मान राखून, खणात ठेवी, आणि खांबाच्या आधाराने झोपून जाई. एक्केचाळीस वर्षांत त्याने एकही तिसरा मुद्दा ऐकला नव्हता. तिसऱ्या मुद्द्याबद्दल तुझं काय मत पडलं! हं! मलाही अगदी तसंच वाटलं! आणि हिवाळाभर साठवलेल्या गोळ्या उन्हाळ्यात जोड्यातून खाली उतरायच्या, ओरडणाऱ्या पोरांपर्यंत. गेल्या उन्हाळ्यात तो हॉस्पिटलात होता. या तेवढ्या राहून गेल्या.

आफ्के हसली. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग तिने हातरुमाल तोंडात कोंबला तरी एक आवाज निसटलाच आणि वर छताला जाऊन लागला. चारशे माणसांनी ऐकला. गुडघ्याचा आनंद, असं त्यांनी मनात धरलं, आणि विणलेल्या पट्टीच्या बाईंनी तर डोळे पुसले. आफ्केनेही पुसले. "तिसरं म्हणजे," बाही म्हणाली. आफ्केने दोन गोळ्या काढल्या. एक तोंडात टाकली, दुसरी रांगेच्या टोकाला, शेवटच्या गोळीला लावून नीट ठेवली, झाकण मिटलं, आणि पाठ सरळ करून तिसरा मुद्दा अगदी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकला.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं आणि लोक हात मिळवत होते. डौवे टोपी घालत तिच्याजवळ आला. "मीही त्याच बाजूला येतोय," म्हणाला, आणि तिच्या डाव्या हाताला चालू लागला. पुलाशी येताच डौवे खाकरला.

"आफ्के, तिसऱ्या मुद्द्याबद्दल तुझं काय मत पडलं?"

ती जागीच थांबली. "तूही?"

"कोपऱ्यात, हीटरजवळ बसतो गं मी. ऊब असते." डौवे कालव्याकडे पाहू लागला. "सोमवारी टपाल घेऊन इथे आलो की सीत्से सांगायचा ना. आफ्के असं असं म्हणाली. मग आठवडाभर घरभेटींना मी तेच वापरायचो. तेवीस वर्षं. लोक म्हणायचे, डौवे, काय बोललास! मी म्हणायचो, आतून येतं."

"ते पलंगाचं," आफ्के हळूच म्हणाली. "दुसरं टोक धरतो, ते..."

"तुझंच. ब्याण्णव सालचं असेल. तू इथेच कुठेतरी म्हणालीस, सोमवारी मला मिळालं. फार जणांना दिलंय मी ते. बाळ गेलेल्यांना, नोकरी गेलेल्यांना. नोव्हेंबरात तुझ्याकडे आलो, आणि दुसरं चांगलं असं काही नव्हतंच माझ्याकडे." तो टोपीशी चाळा करत राहिला. "सीत्से आजारी पडला तेव्हापासून काही नवीन नाही. त्याच त्या जुन्यावर भागवतोय. लोकांच्या लक्षात यायला लागलंय."

आफ्केने पुलाकडे पाहिलं, रिकाम्या चौकीकडे पाहिलं. मग ती चालायला लागली, आणि चालता चालता पर्स उघडली गेली, अंगठ्याच्या नखाने कागद सोलला गेला, आणि तिचा हात, मान न वळवता, डावीकडे जाऊन कोटाच्या तिसऱ्या बटणाच्या उंचीवर थांबला.

"जागा राहा, डौवे," ती म्हणाली. "सांगते."